मनोहरअण्णांचे सत्तर किलोमीटर

आपण बनवलेल्या गाडीत काय काय वाईट आहे हे गिऱ्हाइकाला आधी सांगायचं, आणि मग काही चांगलं सुचलं तर तेही सांगायचं, अशी मनोहरअण्णा कुडचीकरांची पद्धत होती. चांगलं बहुतेक वेळा सुचायचं नाही. मी त्यांच्याकडे विक्रीचं काम बघायची. म्हणजे अण्णांनी पळवून लावलेल्या माणसामागे फाटकापर्यंत धावत जायची.

अण्णा विजेवर चालणाऱ्या मोटारसायकली बनवत. उणकलच्या पुढे पत्र्याची एक शेड, आत बावीस माणसं, आणि महिन्याला बोटांवर मोजण्याइतक्या गाड्या. गाडी दिसायला ओबडधोबड. जाड टायर, लांब सीट, मागे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवायला लोखंडी कड्या. कुडचीकर घराणं तीन पिढ्यांपूर्वी मिरजेकडून हुबळीत आलेलं, कोप्पीकर रोडवर त्यांचं हार्डवेअरचं चालतं दुकान. ते धाकट्या भावाच्या हवाली करून पन्नाशीच्या माणसाने मोटारसायकल का बनवायला घ्यावी, हे मला कधी नीट कळलं नाही. विचारलं की म्हणायचे, "खेड्यातला माणूस शहरवाल्यासाठी केलेली गाडी चालवतो गं. त्याच्यासाठी म्हणून कुणी केलीच नाही की."

मी आधी एका ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये होते. अण्णा तिथे टायर बघायला आले. मी अर्धा तास बोलून त्यांना जे टायर दाखवले ते त्यांनी घेतले नाहीत, पण आठवड्याने मला निरोप पाठवला की आमच्याकडे या, आम्हाला बोलता येत नाही. त्यांना बोलता येत नव्हतं ही गोष्ट खरी नव्हती. ते भरपूर बोलत, फक्त नको तिथे.

त्यांचा नेहमीचा शब्द होता 'नोडोण'. कन्नडमध्ये त्याचा अर्थ 'बघूया'. नवा रंग काढूया का, नोडोण. पेपरात जाहिरात देऊया का, नोडोण. शालूअक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला म्हणायच्या, "विद्या, लग्नाचं विचारलं तेव्हाही ते नोडोणच म्हणाले होते. माझे वडील संध्याकाळपर्यंत त्यांच्या ओट्यावर बसून राहिले." अण्णा शेजारीच बसलेले असत आणि हे ऐकून मान डोलावत, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट चालली आहे.

त्या वर्षी शेडमध्ये तयार गाड्या साचत चालल्या. जवळपासच्या गावांतले ओळखीचे लोक घेऊन झाले होते. पुढे जायचं तर गावोगावी डीलर हवे होते, आणि डीलर मिळवायचे तर त्यांना एका जागी गाठायला हवं होतं. तशात हुबळीतच वाहन-उद्योगाचं तीन दिवसांचं प्रदर्शन भरायचं ठरलं. मी महिनाभर अण्णांच्या मागे लागले. नोडोण, नोडोण करत अखेर त्यांनी कोपऱ्यातला एक छोटा स्टॉल घेतला. मी केशवापूरच्या शिंप्याकडून कामगारांसाठी एकसारखे शर्ट शिवून घेतले. आमची एक गाडी पुसून लख्ख करून मधोमध उभी केली.

पहिल्या दिवशी काय झालं ते आठवलं तरी माझं डोकं दुखतं. आजूबाजूच्या प्रत्येक स्टॉलवर मोठमोठे फलक होते. एका चार्जिंगमध्ये दीडशे किलोमीटर, एकशेऐंशी किलोमीटर. आमच्या फलकावर अण्णांनी स्वतः लिहून घेतलं होतं, 'दूध भरून, चढावर, सत्तर किलोमीटर'. गदगचे एक गृहस्थ थांबले. मी तोंड उघडायच्या आत अण्णांनी त्यांना सांगितलं की गाडीचा मागचा ब्रेक चिखलात कुरकुरतो, त्यावर काम चालू आहे. आणि थंडीत बॅटरी जरा लवकर उतरते. गृहस्थांनी मान डोलावली, आमच्याकडचा चहा घेतला आणि समोरच्या स्टॉलवर गेले. दिवसभर हेच. संध्याकाळपर्यंत चहाचे कप संपले, आमची पत्रकं तशीच.

मी अण्णांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. रिकामी गाडी, सपाट रस्ता आणि हलका माणूस असेल तर आपलीही गाडी एकशेवीस जाते, हे आपणच मोजलं आहे. मग ते लिहायला काय हरकत आहे? बाकीचे सगळे तसंच लिहितात. अण्णा म्हणाले, "लिही की. आणि खाली हेही लिही, की ही गाडी घेऊन रिकामं फिरावं."

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा जेवायला घरी गेले, तेव्हा मी नवा फलक लावला. सकाळीच छापून आणून टेबलाखाली ठेवला होता. 'एका चार्जिंगमध्ये एकशेवीस किलोमीटर.' खोटं नव्हतं ते. अगदी खरंही नव्हतं. दीड तासात पाच जणांनी आपली कार्डं दिली, आणि सहावे आले ते शेट्टर. दावणगेऱ्यापासून बेळगावपर्यंत त्यांची दुकानं होती. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, कड्या ओढून बघितल्या आणि म्हणाले, सहा जिल्हे मी घेतो, उद्या अकरा वाजता माझ्या माणसांना घेऊन येतो, कागद तयार ठेवा. ते गेल्यावर मी खुर्चीत बसले आणि कितीतरी दिवसांनी पोटभर पाणी प्यायले.

अण्णा आले, फलक वाचला आणि उतरवून ठेवला. टेबलावरची पाच कार्डं उचलली आणि त्या पाचही जणांना शोधत प्रदर्शनभर फिरले. दोन तासांनी परत आले आणि म्हणाले, "तिघं नको म्हणाले. दोघं घरी विचारून सांगतो म्हणाले." म्हणजे पाचही गेले. मी विचारलं, शेट्टरांना कधी सांगणार? तर म्हणाले, ते कुठे दिसले नाहीत, उद्या येतीलच की. मी त्यांना हात जोडून सांगितलं की उद्या तुम्ही फक्त सही करा, बोलू नका. अण्णा म्हणाले, "नोडोण."

तिसऱ्या दिवशी सकाळी मला एक कागद आणायला शेडकडे जावं लागलं. परत यायला साडेदहा झाले. येऊन बघते तर आमच्या स्टॉलवर गाडीच नव्हती. खाली ताडपत्री पसरलेली, तिच्यावर चाक, मोटर, बॅटरीचं झाकण, नट आणि बोल्ट मांडलेले, आणि त्यांच्या मधोमध अण्णा आणि एक अनोळखी माणूस उकिडवे बसलेले. दोघांचे हात कोपरापर्यंत काळे. तो माणूस अळणावरजवळच्या खेड्यातला नारायण गावडा. पाण्याच्या पंपाच्या जळालेल्या मोटरी नवी तार गुंडाळून भरून देणं हा त्याचा धंदा. प्रदर्शनाला तो नुसता बघायला आला होता. अण्णांना म्हणाला होता, "आत काय हाय ते दावा की." आणि अण्णांनी दाखवलं होतं. सगळंच.

"विद्या, हे बघ," अण्णा मला म्हणाले. त्यांचा चेहरा लहान पोरासारखा उजळला होता. "मोटरीत चिखल इथून शिरतो. दोन वर्षं शोधतोय मी. ह्यांनी पाच मिनिटांत सांगितलं." मी घड्याळाकडे बघत राहिले. अकराला वीस मिनिटं कमी होती, आणि ती गाडी वीस मिनिटांत जोडून होणार नव्हती.

शेट्टर ठीक अकराला आले, सोबत चार माणसं. ताडपत्रीकडे बघून क्षणभर थबकले, पण माणूस मुरलेला, हसले. अण्णा काळे हात पुसत उठले आणि म्हणाले की कालच्या फलकावरचा आकडा चुकीचा होता, वजन घेऊन गाडी सत्तरच जाते. आणि मग म्हणाले, "लिहिण्यात माझी चूक झाली." माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

शेट्टर चिडले नाहीत. त्यांनी अण्णांना समजावलं की सत्तर जाते हे त्यांना गाडी बघूनच कळलं होतं. सगळ्याच गाड्या फलकापेक्षा कमी जातात. फलक परत लावा, गाडी मी विकतो, नंतरची तक्रार नंतर बघू. सही करायला पेनही त्यांनीच काढून दिलं. अण्णांनी ते घेतलं नाही. म्हणाले, "साहेब, गाडी वाटेत थांबली तर दूध नासतं. नासलेल्या दुधाची तक्रार कुणाकडे करायची?" शेट्टरांनी पेन खिशात ठेवलं, मला नमस्कार केला आणि निघून गेले. गावडा जमिनीवर बसूनच हे सगळं ऐकत होता.

मग मी बोलले. जे तोंडाला येईल ते बोलले. तुम्हाला कारखाना चालवायचा नाही, तुम्हाला फक्त खरं बोलून घरी जायचं आहे. बावीस माणसांनी काय करायचं. मी उद्यापासून येणार नाही. शेजारच्या स्टॉलवरचे लोक माना वळवून बघत होते. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नको येऊस. पण आता जरा हात लाव. पाचला मंडप रिकामा करायचाय आणि गाडी अशी न्यायची कशी?"

आणि मी पदर खोचून ते चाक धरलं. याचा मला अजून राग येतो.

गाडी जोडून झाल्यावर गावडा घुटमळला. मग म्हणाला, एक गाडी माझ्या दुकानी ठेवता का, गावात दूध घालणारे लोक आहेत, बघतील. त्याच्याकडे शोरूम नव्हतं, फलक नव्हता. माझ्याकडच्या डीलरच्या अर्जात एक रकाना होता, 'दुकानाची जागा'. त्यात काय लिहू विचारलं तर गावडा म्हणाला, घराचा सोपा, म्हणजे पुढची पडवी. अण्णा म्हणाले, लिही, सोपा. तीन दिवसांच्या प्रदर्शनातून आम्हाला मिळालेला हा एकुलता एक डीलर.

मी नोकरी सोडली नाही. दर सोमवारी सोडेन म्हणायची. गावडाने सहा महिन्यांत अकरा गाड्या विकल्या आणि प्रत्येकाला विकताना सत्तरच सांगितलं. बंद पडलेली गाडी तो स्वतः खोलून चालू करायचा. त्याच्यासारखीच मोटरी भरणारी, पंप दुरुस्त करणारी माणसं त्याच्या ओळखीची होती. हल्याळचा एक आला, मग कलघटगीचा, मग नवलगुंदची एक बाई, जी नवऱ्यामागे वेल्डिंगचं दुकान चालवत होती. तीन वर्षांत असे नऊ झाले. लोक म्हणतात, बघा, खऱ्याला मरण नाही.

लोकांना मधली गोष्ट माहीत नसते. हे नऊ जण जमायला तीन वर्षं लागली, आणि त्यातलं पहिलं वर्ष शेडला झेपलं नाही. सात माणसांना घरी पाठवावं लागलं. ज्या माणसाने अनोळखी गिऱ्हाइकाला ब्रेकची कुरकुर सांगितली, त्याला ह्या सातांना सांगायला तोंड फुटलं नाही. त्या दिवशी अण्णा शेडवर आलेच नाहीत. मी सांगितलं. वायरिंग करणारी सावित्री नऊ वर्षं आमच्याकडे होती. तिने एकच विचारलं, "अण्णा कुठं हाईत?" मी म्हटलं, बरं नाही त्यांना. दुसऱ्या दिवशी मी अण्णांना सरळ सांगितलं की मी तुमच्यासाठी खोटं बोलले. दोन वर्षांनी काम वाढलं तेव्हा मात्र ते स्वतः सातही घरी गेले. चौघं परत आले. सावित्री आली नाही. तिला मसाल्याच्या कारखान्यात काम मिळालं होतं, आणि तिने अण्णांना दारातूनच परत पाठवलं.

मागच्या वर्षी अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात मी रोज सकाळी जायची, शेडवर काय चाललंय ते सांगायची. डॉक्टर म्हणत होते उतार पडेल. एका सकाळी शालूअक्का चहा आणायला खाली गेल्या होत्या. अण्णा म्हणाले, "विद्या, त्या दिवशी मी शेट्टरांचं पेन घेतलं असतं, तर ते सात जण राहिले असते. होय ना?"

मला उत्तर माहीत होतं. इतकी वर्षं मी हेच वाक्य त्यांना सुनवायची वाट बघत होते. पण ते असं, उशीवर डोकं ठेवून, हळू आवाजात विचारतील असं कधी वाटलं नव्हतं. काहीही सांगता आलं असतं. गाड्या परत आल्या असत्या, शेट्टरांनी बुडवलं असतं, सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मी विक्रीचं काम करते, मला शब्दांची वाण नाही.

मी म्हटलं, "होय अण्णा. राहिले असते."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस." मग शालूअक्का चहा घेऊन आल्या आणि बोलणं ब्रेकवर गेलं.

त्यानंतर चार दिवसांनी अण्णा गेले. शेड चालू आहे, मी अजून तिथेच आहे. त्या सकाळी एकदा खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं, असं अनेकदा मनात येतं. मरणाऱ्या माणसाशी कुणीही खोटं बोललं असतं. पण अण्णांनी ते ओळखलं असतं, आणि मग दोष कुणाचा म्हणाल तर, "विचारण्यात माझी चूक झाली," असं तेच म्हणाले असते.