शेपटीच्या टोकापर्यंत गेलेली रेघ

मासे पाळायला मी लागले तेव्हा चाळिशी कधीच उलटून गेली होती. त्या वयात नवी गोष्ट शिकू पाहणाऱ्याला एक बारीकशी लाज सतत सोबत वागवावी लागते. ती माझ्याजवळ पुरेपूर होती. महाविद्यालयात इतिहास शिकवताना मी बोलत असे, कारण तिथे बोलणे हेच काम होते. वर्गाबाहेर पडले की माझे शब्द आटत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचे ते दिवस. मोठी बहीण आणि मी, अशा दोघीच नागपुरात इंदोऱ्याच्या घरात राहत होतो. ती दवाखान्यात परिचारिका होती आणि माझे एम.ए. तिच्या रात्रपाळ्यांवर झाले होते. जिन्यावरून पडून तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिने तिला पाठीवर पडून काढावे लागणार होते. तेव्हा तिला पाहायला काहीतरी हवे म्हणून मी सीताबर्डीहून काचेची टाकी, पाणवनस्पतींची दोन रोपे आणि एंजल माशांची एक जोडी आणली.

सकाळची बुद्धवंदना झाली की मी तिची उशी उंच करून देई आणि ती त्या दोन माशांकडे तोंड करून पडे. उभट, चपट्या अंगाचे, लांब परांचे ते मासे इतके सावकाश फिरत की पाहणाऱ्याचा श्वासही सावकाश होई. वॉर्डात उभी हयात धावपळीत काढलेल्या माझ्या बहिणीला ते फार आवडले.

अडचण एकच होती. पलंगावरून दिसेल अशी एकच जागा खोलीत होती आणि ती खिडकीसमोर. नागपूरचे ऊन टाकीवर पडू लागले आणि महिन्याभरात काचेवर शेवाळ धरले.

"काहून वं," बहीण म्हणाली, "मासे पडद्यात बसवले का तू? मले तं निसता हिरवा रंग दिसून राहिला."

काच घासायला मी हात आत घातला की एंजल बिथरून काचेवर आदळत आणि बहीण पलंगावरून ओरडे, "काढ, काढ तो हात." दुकानदाराला विचारले तर त्याने बोटाएवढा एक तपकिरी मासा पिशवीत घालून दिला. "हा सकर घेऊन जा मॅडम. काच चाटूनपुसून ठेवते. कोनाच्या अध्यात ना मध्यात."

सकर काचेला तोंडाने चिकटून राही आणि त्याने काच खरोखर साफ केली. पण तो वाढला, तसे त्याचे लक्ष शेवाळावरून उडाले. एके दिवशी मी महाविद्यालयातून आले तेव्हा बहीण वाटच पाहत होती.

"तुहा पाहुना काच सोडून एंजलच्या अंगाले लागला."

"ताई, जवळून गेला असेल."

"मी दिवसभर पाहून राहिली. तू तिकडे पोराईले शिकवत होती. जवळ जाऊन पाह्य, कुशीवर चट्टा पडला. चट्टे मले नको शिकवू."

चट्टा होता. खवले गेलेली, लालसर झालेली जागा. सकर परत गेला आणि एंजल हळूहळू बरा झाला; मात्र काच पुन्हा हिरवी झाली. बहिणीने आपला निर्णय सांगितला. काच साफ करणारा मासा आणायचा तर ओळखून आणायचा. पुन्हा एंजलला काही झाले तर टाकी खोलीतून उचलायची. जखमी मासे पाहत पडून राहण्यापेक्षा ती भिंत पाहील. ती बोले ते करी, हे मला माहीत होते.

आमच्या प्राणिशास्त्र विभागातले माशांवरचे एक जाड पुस्तक मी घरी आणले. त्यातून कळले की 'सकर' या एका नावाखाली एकमेकांसारखे दिसणारे निदान तीन मासे खपतात. पहिला, आमच्या पाहुण्याचा भाऊबंद, चिनी म्हणून ओळखला जाणारा. त्याचे तोंड खालच्या बाजूला वाटीसारखे असते आणि मोठेपणी तो चपट्या माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो. दुसरा फ्लाइंग फॉक्स. तो देखणा: काळ्या पट्ट्यावर सोनेरी रेघ, परांना काळी किनार; स्वभावाने भांडखोर आणि शेवाळाच्या बाबतीत आळशी. तिसरा सयामी. हा दिसायला साधा, पण शेवाळ खातो आणि कोणाला छळत नाही. त्याची काळी रेघ शेपटीच्या मुळाशी न थांबता थेट टोकापर्यंत जाते आणि त्याचे पर काचेसारखे स्वच्छ असतात. मला हवा होता तो हा.

अजनीला एका निवृत्त रेल्वे गार्डांच्या ओसरीवर शहरातले हौशी लोक अधूनमधून रविवारी जमत. गार्डसाहेबांच्या ओळखीने कलकत्त्याहून माशांच्या पिशव्या गाडीने येत. प्रवासात पाणी तापलेले असे, म्हणून पिशव्या लगेच एका मोठ्या पांढऱ्या एनॅमलच्या टबात उतरवायच्या आणि झटपट वाटणी करायची. सर्वांत जुन्या माणसाने आधी उचलायचे, सर्वांत नव्याने शेवटी. सर्वांत नवी मी होते, आणि एकटी बाईही.

पहिल्या रविवारी त्या टबात वाकून पाहिले तर सगळे पुस्तकी ज्ञान वाया गेले. एकाही सकरच्या अंगावर रेघच नव्हती. सगळे सारखे, पिवळट, धुतल्यासारखे. उरला तो मासा मी घरी आणला आणि एंजलपासून दूर, एका काचेच्या बरणीत ठेवला. ऊन लागू नये म्हणून बरणीला मागून काळा कागद लावला. एक्स-रेच्या फिल्मभोवती असतो तसला कागद बहिणीच्या ट्रंकेत पुष्कळ होता. मी स्वयंपाकाला लागले. थोड्या वेळाने तिने हाक मारली.

"इकडे ये वं. याच्या अंगावर रेघ येऊन राहिली."

तेव्हा उमगले. भ्यालेला मासा, त्यातही पांढऱ्या भांड्यातला, आपला रंग सोडतो. काळोखी पाठीशी देऊन जरा स्वस्थ बसू दिले की रंग परततो. आमची सगळी मंडळी नेमक्या त्या क्षणी मासे निवडत होती, ज्या क्षणी ते ओळखणे कोणालाही शक्य नव्हते. परतलेल्या रंगाने सांगितले की आमचा मासा पुन्हा चिनीच निघाला होता. तो मी दुकानदाराला देऊन टाकला.

पुढच्या खेपेला ती बरणी, तो कागद आणि घरचे पाणी घेऊन मी अजनीला गेले. बसमध्ये मी एक वाक्य मनात जुळवत होते आणि उतरेपर्यंत ते तीनदा मोडले. पिशव्या टबात उतरल्या. गार्डसाहेब हात घालणार तोच मी म्हणाले, "जरा थांबाल का?"

सगळ्यांनी वळून पाहिले.

"यातले सकर एकाच जातीचे नाहीत. माझी पाळी शेवटचीच राहू द्या. पण उचलण्याआधी एकेक मासा या बरणीत थोडा वेळ ठेवून पाहू. रंग आला की ओळखता येईल."

"मॅडम," गार्डसाहेब म्हणाले, "ऊन चढून राहिलं. हा काय तुमच्या कॉलेजचा तास आहे का?"

"हजेरी घेतील आता," बँकेत काम करणारे एक गृहस्थ म्हणाले. "मासा प्रेझेंट म्हणेल, मग उचलायचा."

हसणे झाले. एरवी मी बरणी उचलून घरी आले असते. पण भिंतीकडे तोंड करून पडलेली बहीण मला डोळ्यांसमोर दिसत होती. मी बँकेच्या गृहस्थांना विचारले, "तुमच्या टाकीत एंजलसोबत सकर आहे ना? एंजलच्या अंगावर कधी लाल चट्टे पडले होते?"

ते म्हणाले, "दोन गेले त्यात. मला वाटलं, रोग."

गार्डसाहेबांनी टब उचलून सावलीत सरकवला. "लावा मग बरणी," ते म्हणाले.

पहिल्या माशाला रंग येईपर्यंत सगळे बरणीभोवती वाकून उभे राहिले. तो काचेला चिकटला आणि त्याचे वाटीसारखे तोंड सगळ्यांना बाहेरून दिसले. चिनी. दुसऱ्याच्या पाठीवर सोनेरी रेघ उमटली; परांना काळी किनार होती. फ्लाइंग फॉक्स. तिसरा चिकटला नाही. खालच्या परांवर हात टेकल्यासारखा टेकून तो बसला. काळी रेघ हळूहळू गडद झाली, कडेने किंचित दातेरी, आणि शेपटीतून पार टोकापर्यंत गेली. मी बोट ठेवून ती दाखवली. माझा आवाज तेव्हा थरथरत नव्हता, हे मला नंतर आठवले.

"अन् हा कोनता?" आणखी काही मासे पाहून झाल्यावर गार्डसाहेबांनी विचारले.

"हा मला सांगता येणार नाही," मी म्हणाले. खरेच सांगता येत नव्हते. त्यानंतर माझ्या बाकीच्या उत्तरांवर त्यांचा जास्त विश्वास बसलेला दिसला.

एक धोका मी जाणून पत्करला होता. हवा तो मासा मी सर्वांना ओळखून दिला होता आणि उचलणार होते मी शेवटी. बँकेच्या गृहस्थांनी एक सयामी घेतला. बाकीच्यांनी सगळे ऐकून, माना डोलावून, सोनेरी रेघेचे देखणे मासेच उचलले. माझ्यासाठी दोन साधे मासे उरले. पुस्तकातले सयामचे ते हेच, की उत्तर बंगालच्या ओढ्यांतले त्यांचे कोणी चुलतभाऊ, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण रेघ टोकापर्यंत गेली होती आणि पर स्वच्छ होते.

बहिणीने त्यांच्यावर पोलिसासारखी नजर ठेवली. मी घरी आले की अहवाल तयार असे. "एंजलच्या वाटेले नाही गेले. पानं खरवडून राहिले. बारका जरा उचापती आहे, पन वाईट नाही." काच आधी कोपऱ्यांतून मोकळी झाली, मग मधून. मला अभिमान वाटत होता. पदव्या मिळाल्या तेव्हाही वाटला होता. पण त्यात बहिणीचा वाटा मोठा होता. या वेळी प्रथमच माझ्या शिकण्याचे काही तिच्या उशाशी येऊन पोचले होते.

पावसाळा संपता संपता गार्डसाहेब आणि बँकेचे गृहस्थ टाकी पाहायला आमच्या घरी आले. एंजलांनी पानावर अंडी घातली होती. मी टाकीसमोर उभी राहून पर, तोंड, रेघ यांविषयी सांगू लागले आणि चहा निवला तरी सांगतच होते. इतके मी वर्गाबाहेर कधी बोलले नव्हते.

"समजलं त्याईले," पलंगावरून बहीण म्हणाली. "आता बाजूले हो वं. मले मासे दिसू दे."

मी बाजूला झाले.