लांबलेली दिवाळीची सुट्टी

सुरतेच्या हिऱ्यांच्या कारखान्यात वडील पैलू पाडायचे. त्या वर्षी मंदी आली आणि दिवाळीची सुट्टी लांबत गेली. शेवटी खोली सोडून आम्ही नंदुरबारला मामाकडे आलो. मी नववीत होते. माझं नाव शाळेतून काढताना आई बाईंशी हसून बोलली आणि रिक्षात बसल्यावर रडली.

आई मिरच्या वाळवायच्या पथारीवर देठ खुडायला जाऊ लागली. वडील रोज इस्त्रीचा शर्ट घालून स्टेशनकडे फिरायला जात. काम विचारत की नुसते बसत, कुणी विचारलं नाही.

ताईची सोयरीक दिवाळीआधीच ठरली होती. मुलाकडचे भेटायला येणार म्हटल्यावर मामा वडिलांना म्हणाला, "सुट्टीवर येल शेतस, आसं सांगू."

पाहुण्यांचा चहा झाला. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "कारखाना कव्हय उघडाव शे?"

"आते उघडाव नही," वडील म्हणाले. "मन्हं काम गयं."

मामाने मान खाली घातली. दोनच दिवसांत नकाराचा फोन आला. ताई भांडी घासत होती, ती घासतच राहिली. वडील दाराशी उभे होते.

त्या संध्याकाळी आई आली तेव्हा मिरचीने तिचे हात लालभडक झाले होते. ती परातीकडे वळली, तशी वडिलांनी परात ओढून घेतली.

"तू बस. आज मी करस."

"लोके काय म्हनतीन?"

"म्हनू दे."

भाकरी जाड झाली, कडा फाटल्या. मी दोन खाल्ल्या.

सकाळी ते आईबरोबर पथारीवर गेले. बायकांच्या रांगेत बसून देठ खुडणारे ते एकटेच पुरुष. फाटकाजवळचे हमाल हसले, आईने मला नंतर सांगितलं. वडील शिंकत राहिले, पण उठले नाहीत.

सुरतेला आम्ही परत गेलो नाही. ताईचं लग्न पुढे म्हसावदला झालं. मुलगा बघायला आला, तेव्हा वडील काय काम करतात ते तिनेच आधी सांगितलं. घरात मात्र हिऱ्यांचा विषय अजूनही निघत नाही. सुरतेच्या गाडीने कुणी पाहुणा आला, तर वडील त्याला बाकी सगळं विचारतात.