सॉफ्टबॉलच्या कॅसेटची चोरी

व्हिडिओ नवा होता त्या काळातली एक चोरी मी अजून विसरलेलो नाही. मी तेव्हा सीताबर्डी भागात फौजदार होतो.

नागपुरात सॉफ्टबॉल, म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण, तेव्हा जोरात होता. क्लबांची साखळी स्पर्धा भरे, पण टीव्हीवर हे सामने कधी येत नसत. म्हणून आयोजकांनी ते चित्रित करून तिकीट लावून दाखवण्याचा हक्क एका व्हिडिओ दुकानदाराला लेखी करारानं दिला. समोरच्या दुकानदारालाही तो हक्क हवा होता. "कसा दाखवते ते पाहतोच मी," असं तो पानठेल्यावर चारचौघांत बोलून बसला. महिलांचा अंतिम सामना दाखवायच्या आदल्या संध्याकाळी मूळ कॅसेट गायब झाली. फिर्यादीनं समोरच्याचंच नाव दिलं.

मी त्याला ठाण्यात बोलावलं.

"जळतो ना साहेब, खूप जळतो," तो म्हणाला. "त्याच्या दुकानापुढची गर्दी पाहून मले जेवण जात नाही. पण चोर नाही मी. घ्या झडती."

पंचांसमक्ष झडती घेतली. काही सापडलं नाही. मात्र दुकानात पोलीस शिरलेले पाहून त्याची गिऱ्हाइकं तुटली. फिर्यादी रोज येऊन अटकेचा आग्रह धरी. मला समोरचा दुकानदार खोटा वाटत नव्हता. चोरी करणारा इतक्या मोकळेपणानं आपला हेतू पोलिसाच्या हाती देत नाही.

काही दिवसांनी शहराबाहेरच्या वाडी भागातल्या एका चहावाल्यानं आमच्या हवालदाराला खबर दिली. तिथल्या ट्रान्सपोर्ट गोदामातला एक कारकून रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला विचारत होता, व्हिडिओ कॅसेट पुसायची कशी? कारकुनाच्या घरी तर टीव्हीसुद्धा नव्हता. चौकशीत कळलं, अंतिम सामना जिंकून देणाऱ्या पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणारीचा, तो नवरा.

कॅसेट त्याच्याच टेबलाच्या खणात मिळाली. त्यानं नाकारलं नाही.

"काहून उचलली?" मी विचारलं.

तो बोलू लागला. तोही बायकोच्याच क्लबातून खेळायचा. तिला चेंडू फेकायला त्यानंच शिकवलं. पुढं पुरुषांच्या संघातून त्याचं नाव गेलं आणि तिचं पेपरात यायला लागलं.

"गोदामात मले लोक तिचा नवरा म्हणून ओळखतेत, साहेब. आता तिकीट लावून गावभर तिलेच दाखवणार. त्या संध्याकाळी दुकानात खेळाडूंना चहाले बोलावलं होतं. मीही गेलो तिच्यासंगं. सारे तिच्याभोवती. कॅसेट काउंटरवर पडली होती. एकानं जरी माह्याकडे पाहिलं असतं ना, तर मी हात लावला नसता."

कॅसेट तीच आहे आणि शाबूत आहे, हे पंचांसमोर पाहणं जरूर होतं. फिर्यादीच्या दुकानात ती लावली. कारकुनाला सोबत नेलं होतं, त्याच्या पत्नीलाही बोलावलं होतं. शेवटचा गडी बाद झाला, मैत्रिणींनी तिला उचललं. पडद्यावर ती त्यांच्या खांद्यांवरून प्रेक्षकांत कुणाला तरी शोधत होती.

"पाहा," ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्हालेच पाहून राहिली होती मी."

तो पडद्याकडे बघतच राहिला. "अन् सारे तं तुलेच पाहून राहिले होते वं," तो म्हणाला.

ती रडली नाही. पदर खोचून बाहेर जाऊन उभी राहिली.

त्यानं कोर्टात गुन्हा कबूल केला. पहिलाच गुन्हा म्हणून चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका झाली. फिर्यादी माफी मागायला समोरच्या दुकानात गेला. "जळणं काही बंद होणार नाही गा," समोरचा म्हणाला, "पण बस, चहा घे." पिचर पुढेही खेळत राहिली. नवरा तिला मैदानाच्या फाटकापर्यंत सोडी आणि परत फिरे. त्यानं आत पाऊल टाकलेलं कुणी पाहिलं नाही.

त्या प्रकरणानं माझी तपासाची सवय बदलली. फिर्याद घेताना आपण विचारतो, तुमचं कुणाशी वैर आहे का? बोलून दाखवलेलं वैर शोधायला पोलीस लागत नाही. नंतरच्या नोकरीत मी आणखी एक प्रश्न विचारू लागलो : ज्याचं कौतुक चाललं होतं त्याच्या घरातलं कोण तेव्हा गप्प बसलं होतं?