शेजारची नॉर्मलवाली

दिवसभर कळा देऊन शेवटी माझं सिझर झालं. शेजारच्या खाटेवरची नॉर्मल बाळंत झाली होती. पोटावरच्या टाक्यांमुळे मला उठता येत नव्हतं, खालच्या टाक्यांमुळे तिला बसता येत नव्हतं. भेटायला येणारे एवढंच विचारत, “नॉर्मल की सिझर?” उत्तर मिळालं की माझ्या कळा आणि तिचे टाके त्यांच्या लेखी पुसले जात.

सासूबाई दाराशी फोनवर बातमी देत होत्या. पाळण्यात माझं बाळ रडू लागलं. शेजारीण भिंतीला धरत आली, ओठ आवळून वाकली. तिनं बाळ माझ्या कुशीत ठेवलं.

सासूबाईंनी वळून पाहिलं. “आमच्या हिला काही सोसावंच लागलं नाही हो,” त्या फोनवर म्हणाल्या, “शेजारची नॉर्मलवाली मात्र लगेच कामाला लागलीय!”