फोनात भरून नेलेली कुस्ती

नाशिकहून निघताना पिशवीत चिवडा, बेदाणे आणि गुडघ्याचा पट्टा होता, आणि कानात भिशीतल्या मैत्रिणींची ताकीद. "कोल्हापूरला चाललीयेस खरी, पण त्यांच्या मिसळीचं कौतुक करून आमचं नाक कापू नकोस!" म्हणून हा सगळा वृत्तांत त्यांच्यासाठीच. नाकाचं काय झालं ते पुढे येईलच.

जाण्याचं कारण मात्र मिसळ नव्हतं, मामा होते. माझे मामा गगनबावड्याच्या बाजूला डोंगरातल्या एका वस्तीवर राहतात. उभा जन्म त्यांनी कुस्तीच्या मैदानात निवेदन केलं. म्हणजे जत्रेतल्या कुस्त्यांना भोंग्यावरून पैलवानाचं नाव पुकारायचं, गाव सांगायचं, वस्ताद (तालमीतले गुरू) सांगायचा, आणि मग कोणी कुठला डाव टाकला ते लोकांना असं सांगायचं की मागे झाडावर बसलेल्यालाही कुस्ती दिसावी. असा हा बोलघेवडा माणूस मागच्या वर्षी गोठ्यात पाय घसरून पडला आणि खुब्याचं हाड मोडून बसला. वस्तीवर मोबाईलला रेंज नाही. मामी फाट्यापर्यंत चालत आली आणि तिथून मला फोन केला.

"हाड जुळलं गं. काठी घेऊन हिंडत्यात. पर बोलत न्हाईत. नुसतं व्हय आन् न्हाय. घर खायला उठतंय बघ. तू ये."

मामी कधी 'ये' म्हणणारी नव्हे. ती 'आलीस तर बरं हुईल' म्हणते. त्यामुळे मी दुसऱ्याच दिवशी गाडी धरली.

कोल्हापूरच्या स्टँडवर उतरले तोच रिक्षावाला पुढे आला. "पावणं, कुठं जायचं?"

"कसबा बावडा."

"बसा की! कुठनं आला?"

"नाशिकहून."

त्याने वळून माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी आजारातून उठून आले आहे. "मग मिसळ खाल्ली न्हाय म्हणा की आजून जल्मात!"

"अहो, मी आत्ता गाडीतून उतरले."

"तेच म्हणतोय. आदी मिसळ, मग बावडा." आणि खरोखरच त्याने रिक्षा एका दुकानासमोर नेऊन उभी केली. मी 'नको' म्हणेपर्यंत पुढ्यात मिसळ, पाव आणि वाटीभर कट (वरून घ्यायची लालभडक तर्री) आलासुद्धा. पहिल्या घासाला नाकाडोळ्यांतून पाणी. तो पलीकडे चहा पीत लक्ष ठेवून होता. "कशी हाय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "तिखट आहे." खरं तर मी दुसऱ्यांदा कट मागवला होता. मैत्रिणींनो, हे वाक्य वाचलंच नाही असं समजा.

कसबा बावड्याला हवेतच साखर कारखान्याचा वास असतो. गोडसर आणि कुबट, दोन्ही एकदम. तिथे माझा मामेभाऊ संभाजी राहतो. दार उघडलं त्याच्या मुलीनं, गौरीनं. खांदे असे रुंद की दारात तिच्या बाजूने वाट काढून आत जावं लागलं. पोरगी पैलवान आहे.

"आत्या, मीबी येणार होतो वस्तीवर, पर निवड चाचणीचं शिबिर लागलं," ती म्हणाली. (कोल्हापूरच्या मुली 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. मला ते ऐकायला फार आवडतं.)

मग जेवताना तिने खरी गोष्ट सांगितली. ती तालमीत जायला लागली तेव्हा मामांनी शब्द दिला होता, "पयल्या मैदानात तुझं नाव मीच पुकारणार." मैदान जवळ आलं आणि मामा पडले. गौरी कुस्ती जिंकली, पण नाव पुकारलं दुसऱ्याच कुणीतरी. ती कुस्ती ऑनलाइन आहे, साऱ्या दुनियेनं पाहिली. पाहिली नाही ती फक्त मामांनी, कारण वस्तीवर रेंज नाही.

"साऱ्या जिल्ह्याच्या पोरांची नावं पुकारली त्यांनी, आत्या. माझंच तेवढं ऱ्हायलं," गौरी म्हणाली, आणि भाकरीचा केवढा तरी तुकडा तोंडात कोंबला. ती रडणाऱ्यातली नाही.

मी म्हटलं, "मी नेते तुझी कुस्ती. त्यात काय एवढं?" फोन काढला, व्हिडिओ शोधला, खालचं एक बटण दाबलं. 'सेव्ह झाला' असं फोननेच सांगितलं. मी विजयी मुद्रेने फोन गौरीपुढे धरला.

तिने फोनचं इंटरनेट बंद केलं. व्हिडिओ गेला. पडद्यावर नुसतं गोल गोल फिरणारं चक्र. "ही नुसती यादी झाली, आत्या. 'मागनं बघणार हाय' म्हणून नाव लिवलंस. कुस्ती तितंच हाय, तुझ्या फोनात न्हाय."

म्हणजे जेवणाचं आमंत्रण वाचून पोट भरल्यासारखंच झालं हे. कुस्ती सगळीच्या सगळी फोनात भरून घ्यायला हवी होती. ज्याने ती चित्रित केली त्याला गौरीनं फोन केला. तो म्हणाला, "घ्या की भरून, घरचंच हाय, इचारता काय!" परवानगी मिळाली, पण घरचं इंटरनेट रस्त्याच्या खोदकामात तुटलेलं, फोनचं इंटरनेट एवढ्या मोठ्या व्हिडिओला पुरेना, आणि माझ्या फोनात मुंगी शिरायला जागा नाही. सगळ्या सुप्रभाताच्या फुलांनी भरलेला. मैत्रिणींनो, तुमची फुलं मी तिथे जड अंतःकरणाने पुसली. खोटं कशाला बोलू, हलक्याच अंतःकरणाने पुसली.

संध्याकाळी गौरी मला स्कूटरवर बसवून राजारामपुरीत घेऊन गेली. तिथल्या एका खानावळीत वायफाय आहे, पण मालकाचा नियम असा की पासवर्ड ताटाबरोबरच मिळतो. आम्ही ताट मागवलं. तांबडा रस्सा आला, पांढरा रस्सा आला, मग पासवर्ड आला. गौरीनं व्हिडिओ उतरवून देणारं एक संकेतस्थळ उघडून दिलं आणि ती रस्सा वाढून आणायला गेली. पडद्यावर लहान, मध्यम, मोठा असे आकार विचारत होते. सगळ्यात मोठ्याच्या पुढे कसलंसं बारीक चित्र होतं. चष्मा पिशवीत होता. मी म्हटलं, मामांकडे जायचं आणि लहान काय न्यायचं? दाबला मोठा.

फाईल उतरत होती आणि मालक आमच्या वाट्या भरत होता. "घ्या की पावणं, लाजताय काय!" शेवटी एकदाचं 'पूर्ण' असं आलं. लावून पाहिलं. चित्र इतकं स्वच्छ की मातीचा कण न् कण दिसावा. शेजारच्या टेबलावरची माणसंही उठून बघायला आली. "धर धर! आता सोडू नगं!" असा त्यांनी गिल्ला केला, आणि गौरी स्वतःच स्वतःला ओरडून सल्ला देत होती. कोल्हापुरात दोन माणसं साधं बोलत असली तरी तिसऱ्याला भांडण वाटतं. तिथे तर आठ-दहा जण होते. आम्ही खुशीत घरी आलो.

सकाळी एस.टी.ने फाट्यापर्यंत आणि पुढे वडापने (हात करील त्याला कोंबून घेणारी जीप) गेले. वाटेत दोन्हीकडे ऊस, मग ऊस संपला, डोंगर लागले, आणि फोनवरच्या रेंजच्या काड्या एकेक करून गळाल्या. माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी होती. तिची मालकीण म्हणाली, "धरा वाईच, चावत न्हाय." चावली.

मामा सोप्यात (घराच्या पुढच्या खोलीत) बाजेवर बसले होते. मी पाया पडले. "आलीस व्हय," म्हणाले, आणि संपलं. ज्या माणसाने लहानपणी मला पानाच्या ठेल्यापर्यंत नेतानासुद्धा 'आता नाशिकची पैलवान उजव्या अंगाला वळली' असं सांगत नेलं होतं, तो भिंतीकडे बघत बसला होता. मामी दारातून माझ्याकडे बघत होती. बघ, म्हटलं नव्हतं का, असं तिचं तोंड.

जेवणं झाली. मी जाहीर केलं, "मामा, गौरीची कुस्ती आणलीय, सांगलीच्या पोरीबरोबरची." बातमी वस्तीभर गेली आणि सोपा भरला. तांब्याला टेकवून फोन उभा केला. मैदान दिसलं, लाल माती, कडेनं माणसंच माणसं. तोंडं हलतायत, हलगीवाले हलगी बडवतायत, आणि आवाज? शून्य.

मी आवाज वाढवला. शून्य. शेजारचे आण्णा म्हणाले, "भोकात कचरा गेला आसंल, टाचणी घाला." कुणी फुंकर मारा म्हणालं. फोनची घंटी लावून पाहिली, ती मात्र खणखणीत वाजली. तेव्हा मला त्या बारीक चित्राचा अर्थ लागला. तो काट मारलेला भोंगा होता. मी मोठी फाईल आणली होती, पण मुकी. खानावळीतल्या आरड्याओरड्यात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. इतक्या लांबून येऊन मी ही शोभा केली! मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. "बंद करते मी," म्हणाले आणि हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे."

मामा बोलले होते. ते वाकून पडद्यात बघत होते. खडाखडी (पैलवानांची सुरुवातीची झटापट) अजून सुरू व्हायची होती. मामांचे ओठ हलले, थांबले. मग एकदम चिडून म्हणाले, "मुकं मैदान आसतंय व्हय कुठं? आण्णा, डबा घे. वाजीव!"

आण्णांनी रिकामा तेलाचा डबा मांडीत घेतला आणि हलगीचा ठेका धरला. मामांनी काठी उलटी करून मूठ तोंडाशी धरली, आणि गावाच्या वेशीपर्यंत जाईल असा आवाज निघाला.

"बसून घ्या मंडळी, बसून घ्या! म्होरली कुस्ती. एका अंगाला सांगलीची जिगरबाज पोरगी. आन् दुसऱ्या अंगाला कसबा बावड्याच्या तालमीची पैलवान गौरी! हात वर कर, गौरी!"

पडद्यावर गौरीने नेमका तेव्हाच हात वर केला. सोप्यात एकच आरोळी उठली. मामी पदर तोंडात धरून बसली होती. माझा फोन कुस्ती दाखवण्यात गुंतलेला, म्हणून मी आण्णांच्या हातात डबा बघून त्यांचा फोन घेतला आणि मामांचं चित्रण करायला लागले. रेंजविना तिथे त्या फोनचा अंधारात बॅटरी लावण्यापलीकडे उपयोग नव्हताच.

आणि मामा कसे बोलले म्हणून सांगू! सांगलीच्या पोरीने गौरीला खाली घेतलं, तेव्हा तिची तोंड भरून तारीफ केली. "वा गं वाघिणी! कब्जा असा पायजे!" मामी डाफरली, "आवो, आपल्या पोरीचं बोला की!" मामांनी काठी न हलवता सुनावलं, "निवेदकाला नातं नसतंय." गौरी दाबली गेली, पाठ मातीला लागायला बोटभर अंतर उरलं, आण्णांचा डबा थांबला. मग तिने अंग असं काही फिरवलं की खालची वर आणि वरची खाली. "आलं! आलं! पाठ लागली! चितपट!" मामा ओरडले. पोरंटोरं नाचायला लागली.

मामा थांबले. काठी खाली आली. मग हळू आवाजात, पण भोंग्यावर बोलल्यासारखंच म्हणाले, "निवेदकाला नातं नसतंय, मंडळी. पर कुस्ती संपल्याव आसतंय. ही माझी नात हाय." आणि डोळे पुसले. मीही पुसले, त्यामुळे शेवटचं चित्रण हललंय.

आण्णांच्या फोनातून ते माझ्या फोनात घ्यायला रेंज लागत नाही, हे मला वस्तीवरच्या एका मुलीनं दाखवलं. दुसऱ्या दिवशी बावड्यात गौरीपुढे फोन धरला. तिने सबंध ऐकलं, मग मागे नेलं आणि फक्त 'हात वर कर, गौरी' तेवढंच पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा तिने फोनसमोर खरंच हात वर केला. नंतर म्हणाली, "आवाजाची फाईल भरून देऊ का आत्या, आता?" मी म्हटलं, "नको गं बाई." आवाज असता तर मामांनी दुसऱ्याचं निवेदन ऐकलं असतं आणि 'व्हय' म्हणून भिंतीकडे वळले असते. चष्मा न लावण्याचा एवढा फायदा मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

नाशिकला पोहोचून चार दिवस झाले नाहीत तोच फाट्यावरून मामीचा फोन. मागून एस.टी.चा हॉर्न, आणि मामीचा त्याच्यावर आवाज.

"आगं, काय करून गेलीस! म्हशीची धार काढाय बसलं तरी पुकारत्यात, 'म्हस उजव्या अंगाला सरकली!' काल पावणी आली तर तिच्या भाकरी थापण्याचं निवेदन केलं. सारी वस्ती दारात. त्यांना वाईच गप्प बसवायचा एखादा व्हिडिओ आसंल तर पुढच्या येळंला भरून आण."

"मामी, तसला कुठेच मिळत नाही."

"नसूंदे, नसूंदे," मामी घाईघाईनं म्हणाली. "ऱ्हाऊ दे बोलत."