लॉग वाचणाऱ्या भाभी

मुरुडला आमच्या शेजारच्या भाभी दुबईहून परतल्यापासून इथल्या आम्हा लॉजवाल्यांच्या वेबसाइट सांभाळतात. साइट बंद पडली की आम्ही घाबरून सगळं पुसून नव्याने टाकायला निघतो. भाभी आधी आमचा हात कीबोर्डवरून काढतात. "थांबा. लॉग काय बोलतो ते तरी ऐका," म्हणतात आणि सर्व्हरने नोंदवलेल्या चुका बातम्या वाचाव्यात तशा मोठ्याने वाचून दाखवतात.

नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर आमचं बुकिंगचं पान अचानक कोरं दिसू लागलं. पाहुण्यांचे चिडके फोन सुरू झाले. भाभींनी लॉग वाचला, त्यात सांगितलेली कोडची ओळ उघडली आणि हसल्या.

"ओळीच्या शेवटचा सेमीकोलन गळलाय, त्याच्याशिवाय पान चालत नाही. काल तुमचे दर बदलताना मीच उडवला."

त्यांनी तो टाकला, पान उघडलं. मग चिडलेल्या पाहुण्यांशी बोलायला त्यांनी माझा मोबाइल मागितला.

"सर्व्हर बंद होता म्हणून सांगा," मी सुचवलं.

"तो बिचारा सकाळपासून चालू हाय. त्याच्यावर कशाला घालू?" म्हणत त्यांनी नंबर लावला. "साहेब, चूक माझी होती. आता बोला, खोली कुठल्या तारखेला हवी?"

पलीकडचा चढलेला आवाज एकदम खाली आला.