अर्धा कप

आमच्या घरी चहा अर्धाच कप मिळतो. पाहुणे आम्हाला चिक्कू समजतात, आणि मीही तो समज फारसा दूर करत नाही. खरं कारण आमची रेवा, वय चोवीस. मेंदूच्या आजाराने तिचे हात थरथरू लागले, तेव्हा तिच्या एकटीच्याच कपात अर्धा चहा ओतणं तिच्या आईला जड गेलं. तिने सगळ्यांचेच कप अर्धे केले.

आजार वाढत जाणार, कधीतरी तिला कप धरताच येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणून मी रोज सकाळी पेपराआडून तिचा कप बघतो. ही हेरगिरी कुणाच्या लक्षात येत नाही, अशी माझी समजूत.

आज तिचा कप बशीतून उठला, डगमगला, वाटेत थांबला, आणि एक थेंबही न सांडता ओठांना लागला. मी इतका खूश झालो की माझाच कप कलंडला आणि सगळा चहा लेंग्यावर!

“आई, बाबाला उद्यापासून पाव कप,” रेवा एकेक शब्द जुळवत म्हणाली, आणि हसता हसता तिचाही चहा सांडला.

अर्ध्या कपाची एक गंमत आहे. तो लगेच संपतो, पुन्हा ओतावा लागतो, आणि तोवर कुणी टेबलावरून उठत नाही. रेवाच्या आईने आम्हा दोघांचे कप पुन्हा भरले, अर्थात अर्धेच. मी ओल्या लेंग्यानिशी पेपर उचलला.

“बाबा, तो ठेव खाली,” रेवा म्हणाली. “समोरून बघ की. जास्त छान दिसतं.”